पंडिता रमाबाई : श्रद्धा आणि नित्याची सेवा

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी इतिहास घेऊन बी. ए. झालो ही गोष्ट खरी. परंतु त्यानंतरची तीस वर्षे केंद्र सरकारच्या फायलींत गेली. संशोधकाचा अधिकार माझ्यापाशी नाही. तथापि बदल्यांच्या निमित्ताने देशभर हिंडताना एका मराठी स्त्रीच्या पाऊलखुणा मला वारंवार भेटत गेल्या. तिच्याविषयी चार शब्द आपल्यापुढे ठेवावेत असे मनात फार दिवस होते. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मंडळींना रमाबाईंचे चरित्र जवळचे वाटावे, याला एक कारण आहे. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे गाढे पंडित. स्त्रीला संस्कृत शिकवणे हे पाप मानण्याच्या काळात त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, ती भाषा शिकवली आणि लोकांचा रोष पत्करून ते रानात जाऊन राहिले. रमाबाईंच्या पहिल्या गुरू या आईच होत. रमाबाई लहान असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडले आणि पुराणे सांगत देशभर फिरत राहिले. घर म्हणावे असे ठिकाण नाही, शेजार म्हणावा असा शेजार नाही. बरोबर होती ती घरात बोलली जाणारी मराठी आणि पाठ केलेले संस्कृत.

दक्षिणेत दुष्काळ पडला आणि या कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई गेली, थोड्याच काळाने थोरली बहीणही गेली. रमाबाईंचे वय तेव्हा अवघे सोळा-सतरा. त्या आणि त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री पायी हिंडत राहिले. कित्येक दिवस रानातील फळे आणि पाने एवढाच त्यांचा आहार होता. हा अनुभव वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढच्या सगळ्या कार्याचे मूळ त्यात आहे.

१८७८ मध्ये बहीणभाऊ कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. दोनच वर्षांनी भाऊ निवर्तला. १८८० मध्ये रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली, ब्राह्मणेतर वकिलाशी विवाह केला आणि त्या आसामात सिलचर येथे संसार थाटून राहिल्या. येथेच त्यांची कन्या मनोरमा जन्मली. १८८२ च्या प्रारंभी पटकीने बिपिनबाबूंचा अंत झाला आणि वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत रमाबाई विधवा झाल्या.

नोकरीच्या ओघात मीही दोन वर्षे सिलचरला होतो. बराक नदीच्या काठाने संध्याकाळी फिरताना मला नेहमी वाटे, की आपल्याला येथे पत्र आठ दिवसांनी आले तर आपण कासावीस होतो. मग आगगाडी तेथवर पोहोचण्यापूर्वीच्या त्या काळात ही मराठी मुलगी येथे कशी राहिली असेल? याच गावात, पतीच्या पुस्तकांत, लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती लागली होती. ख्रिस्ती धर्माशी त्यांचा जिव्हाळ्याचा परिचय झाला तो असा, एका प्रवासी मराठी स्त्रीला परक्या प्रांतात, परक्या भाषेत.

पतिनिधनानंतर त्या पुण्यास आल्या. तेथे १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी स्त्रीशिक्षिका व स्त्री-डॉक्टर हवेत असे निर्भीडपणे सांगितले. १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने त्या इंग्लंडला गेल्या. परंतु श्रवणशक्ती अधू झाल्यामुळे ती आशा सोडावी लागली. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

हे धर्मांतर कशामुळे घडले, यावर महाराष्ट्रात पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. रमाबाईंनी स्वतः सांगितलेले कारण साधे आहे. लंडनमधील फुलम या भागात वाँटेजच्या भगिनींनी चालवलेले एक आश्रयगृह त्यांनी पाहिले. समाजाने वाळीत टाकलेल्या स्त्रियांना तेथे मायेने वागवले जात होते आणि पुन्हा उभे केले जात होते. आपल्याकडे अशा स्त्रीला शास्त्र काय सांगते हे त्यांना मुखोद्गत होते. तिच्याशी माणुसकीने वागावे असे या लोकांना का वाटते, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. म्हणजे त्यांनी आधी कृती पाहिली आणि मग तिच्यामागची श्रद्धा शोधली. पुढे आयुष्यभर त्यांनी आपली श्रद्धा जगाला दाखवली तीही याच क्रमाने.

ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या इंग्रज झाल्या नाहीत. त्यांनी शाकाहार सोडला नाही, पोशाख बदलला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरेच का असावीत, संस्कृत का नसावीत, असा प्रश्न त्यांनी आपल्या गुरुभगिनींना विचारला. चर्चचे अधिकारी सांगतील ते मुकाट्याने मानण्यासही त्यांनी नकार दिला; एका पुरोहितवर्गाच्या जाचातून सुटून दुसऱ्याच्या हाती स्वतःला देण्याची त्यांची तयारी नव्हती.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या, त्या आप्त असलेल्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. तो समारंभ ११ मार्च रोजी फिलाडेल्फियात झाला. बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ रोजी, रमाबाईंनी मुंबईत चौपाटीजवळ ‘शारदा सदन’ उघडले. उच्चवर्णीय बालविधवांना आसरा आणि शिक्षण देणे हा त्याचा हेतू होता. बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या मंडळाने त्यासाठी दहा वर्षे पैसा पुरवण्याचे मान्य केले होते. मात्र शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही, अशी अट होती. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे थोर पुरुष सल्लागार म्हणून पाठीशी उभे राहिले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक तरुण विधवा होती. १८९३ मध्ये तिचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. अण्णासाहेबांचा विधवाश्रम आणि १९१६ चे महिला विद्यापीठ यांचा विचार करताना शारदा सदनाची ही शाखा विसरून चालणार नाही.

१८९० मध्ये सदन पुण्यास हलले आणि तीन वर्षांत वादळ उठले. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मुलीबरोबर प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. केसरीने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागारपदावरून दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात एका बाजूला सरळ दोष देणे मला योग्य वाटत नाही. संस्था धर्मनिरपेक्ष राहील असे वचन होते आणि पालकांनी त्या वचनावर मुली सोपवल्या होत्या. त्यांची तक्रार निराधार म्हणता येत नाही. दुसरीकडे, मी कोणाला बोलावीत नाही, पण दार बंद करून देवाचे नाव घेणार नाही, असे म्हणणाऱ्या स्त्रीचा प्रामाणिकपणाही नाकारता येत नाही. मात्र या वादाचा निकाल महाराष्ट्राने पुढे अशा रीतीने लावला, की वाद तेवढा लक्षात राहिला आणि काम विसरले गेले. याची खंत वाटते.

काम तर पुढेच सुरू व्हायचे होते. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बातमी कानी येताच रमाबाईंना आपले सोळावे वर्ष आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो उपाशी मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगचा कहर होता. शहरात इतक्या जणींना ठेवण्यास परवानगी मिळेना. सदनाला उत्पन्न व्हावे म्हणून केडगाव येथे त्यांनी आधीच जमीन घेऊन फळबाग लावली होती. पुण्याहून दौंडकडे जाताना लागणारे हे लहानसे स्टेशन. त्या माळावर झोपड्या उभ्या राहिल्या, विहिरी खणल्या गेल्या आणि ‘मुक्ति’ जन्माला आली. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार जणींच्या वस्तीचा रोजचा कारभार म्हणजे काय, हे सरकारी नोकरीत शिबिरांची व्यवस्था पाहिलेल्या मला थोडेफार समजते. पहाटेपासून चुली पेटायला हव्यात, पाणी शेंदायला हवे, आजारी मुलींना वेगळे ठेवायला हवे. या मुली आल्या तेव्हा हाडांचे सापळे होत्या. कित्येकींच्या अंगावर जखमा होत्या, डोक्यात उवा होत्या. त्यांना न्हाऊ घालणे, मऊ भात भरवणे, रात्री उशाशी बसणे, ही तेथली पहिली उपासना होती. मग विणकाम, शिवण, दूधदुभते, शेती, तेलघाणा, छापखाना अशी एकेक कामे सुरू झाली. मुलीने दुसऱ्याच्या दयेवर जन्म काढू नये, हा त्यामागचा विचार. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ निघाले. अंधांसाठी ‘बार्तिमय सदन’ निघाले. मनोरमाबाईंनी परदेशी जाऊन ब्रेल लिपी शिकून घेतली आणि अंध मुलींना वाचायला शिकवले. पुढे मनोरमाबाईंच्या हातून गुलबर्गा येथे मुलींची शाळाही निघाली. शारदा सदन उच्चवर्णीयांसाठी सुरू झाले होते. मुक्तीत जात विचारणारे कोणी उरले नाही. दुष्काळाने ती पुसली होती आणि रमाबाईंनी ती पुन्हा लिहू दिली नाही.

सत्तेपुढेही त्यांनी मान तुकवली नाही. प्लेगच्या इस्पितळांत व छावण्यांत स्त्रियांची होणारी हेळसांड पाहून त्यांनी १८९७ मध्ये वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिले. राज्यकर्ते ख्रिस्ती आहेत म्हणून गप्प राहावे, असे त्यांच्या धर्माने त्यांना शिकवले नव्हते.

आयुष्याचे शेवटचे मोठे काम म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. येथे एक गोष्ट विलक्षण आहे. कलकत्त्याच्या पंडितांना संस्कृतने थक्क करणारी ही विदुषी. परंतु भाषांतर करताना तिने जड संस्कृत शब्द कटाक्षाने दूर ठेवले. खेड्यातून आलेल्या, नुकत्याच अक्षर ओळखू लागलेल्या बाईला ते वाचता यावे, एवढाच निकष. टाइप जुळवणाऱ्या आणि छापणाऱ्याही मुक्तीतल्याच मुली होत्या. जवळचे सर्व ज्ञान बाजूला ठेवून दुसऱ्याच्या पायरीवर उतरणे, याहून मोठी सेवा पंडिताच्या हातून कोणती व्हावी? १९२१ मध्ये मनोरमाबाई आईच्या आधी गेल्या. तो घाव सोसून रमाबाईंनी काम पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले होते. १९८९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. केडगावचे काम आजही चालू आहे.

आता थोडे आपल्या घरातले. काही वर्षांपूर्वी माझी आई येथल्या इस्पितळात महिनाभर होती. तिला हिंदी धड येत नव्हते. रात्रपाळीला नगरकडच्या एक ख्रिस्ती परिचारिका होत्या. आपली पाळी संपली तरी त्या आईजवळ दहा मिनिटे बसत आणि मराठीत चार शब्द बोलत. आई म्हणे, “औषधापेक्षा हिच्या बोलण्यानं बरं वाटतं रे.” त्या वर्षी मी त्यांना आपल्या गणेशोत्सवातील कार्यक्रमांचे आमंत्रण दिले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, आम्ही आलो तर चालेल ना?”

मी “अहो, अवश्य या” म्हणालो खरे. परंतु म्हणण्यापूर्वी मीही क्षणभर थांबलो, समितीतल्या कोणाला काय वाटेल असा विचार मनात चमकून गेला, आणि तो त्यांच्या लक्षात आला. त्या आल्या नाहीत. त्या क्षणाची लाज मला अजून वाटते. ज्या समाजाने रमाबाईंसारखी स्त्री घडवली आणि दुरावली, त्याच समाजाचा मी एक घटक आहे, हे मला त्या दिवशी कळले.

पन्नास वर्षे आपण येथे मराठीचा दिवा तेवत ठेवला. परप्रांतात आपल्याला जोडणारी गोष्ट भाषा आहे. ती बोलणारा मग कोणत्याही देवळात जावो. रमाबाईंनी आपल्या खोलीचे दार उघडे ठेवले म्हणून पुणे त्यांच्यावर रागावले. पुढच्या पन्नास वर्षांत आपल्या मंडळाचे दार तितकेच उघडे राहावे आणि “आम्ही आलो तर चालेल ना?” असे विचारण्याची वेळ कोणा मराठी माणसावर येऊ नये, एवढीच या प्रसंगी प्रार्थना.