पायाचा व्रण आणि बंधनाचे शास्त्र

पायावरची जखम महिनोन्‌महिने भरत नाही, तेव्हा आपण मलमे बदलत राहतो. दोष मात्र पुष्कळदा शिरांत असतो. त्यांतील झडपा निकामी झाल्या की पायात रक्त तुंबते, सूज येते आणि घोट्याजवळची त्वचा भंगते. अशा व्रणाचा मुख्य उपचार म्हणजे बाहेरून दिलेला दाब.

सुश्रुतसंहितेत बंधनाचे चौदा प्रकार असून आवळण्याचे गाढ, सम आणि शिथिल असे तीन भेद सांगितले आहेत. हातापायांना सम बंध विहित आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाचा शस्त्रवैद्य रिचर्ड वाइजमन याने १६७६ च्या आपल्या ग्रंथात नाडीने आवळण्याच्या मोज्याचा पुरस्कार केला. १७९७ मध्ये ब्रिस्टलच्या टॉमस बेंटनने चिकटपट्ट्यांची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे हॅम्बुर्गच्या पॉल उन्नाने झिंक ऑक्साइडच्या लेपाची पट्टी रूढ केली. १९८० च्या दशकात लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयात चार थरांची पट्टी सिद्ध झाली. घोट्याशी सुमारे ४० मिलिमीटर पारा इतका दाब हे तिचे उद्दिष्ट होय.

ही पट्टी बांधण्यास मात्र निष्णात हात लागतो. आजचे वेल्क्रोचे आवरण, सूज उतरून सैल झाले की, शिकवल्यावर रुग्णाला स्वतःच आवळता येते. एका अर्थी वाइजमनची नाडीच परत आली!

तथापि धमन्या अरुंद असतील तर हाच दाब पाय गमावण्याची वेळ आणू शकतो. म्हणून बंधनापूर्वी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहतात. किती आवळावे, हा सुश्रुताचा विवेक आजही तितकाच मोलाचा आहे.