जुने वाङ्मय कसे वाचावे?

जुन्या ग्रंथातील एखादे विधान खरे की खोटे, असा वाद निघाला म्हणजे आपण लागलीच पुरावा शोधू लागतो. परंतु त्याआधी एक प्रश्न विचारावयास हवा. हे विधान कोणत्या प्रकारच्या लेखनात आले आहे, आणि ते कोणी कोणास सांगितले? इतिहास, स्तोत्र, दृष्टांत, पत्र व कायदा यांचे सत्य एकाच मापाने मोजता येत नाही.

ह्या प्रश्नाला बायबलसारखी दुसरी कसोटी नाही. नावाने एक असले तरी तो एक ग्रंथ नव्हे, ग्रंथसंग्रह आहे. त्याचा जुना भाग मुख्यतः हिब्रूत व थोडा अरामी भाषेत, तर नवा करार ग्रीकमध्ये लिहिला गेला. आणि एकंदर रचनेस कित्येक शतके लागली. त्यात राजांच्या बखरी आहेत, यज्ञविधींचे नियम आहेत, स्तोत्रे व सुभाषिते आहेत, मंडळ्यांना धाडलेली पत्रे आहेत. यशया संदेष्टा रानातील झाडांकडून टाळ्या वाजवून घेतो, तेव्हा ते वनस्पतिशास्त्र नव्हे, हे अभंग ऐकत वाढलेल्या मराठी वाचकास सांगावे लागत नाही. येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतात यरुशलेमेहून यरीहोस जाणारी वाट खरी आहे. पण लुटल्या गेलेल्या वाटसरूचे नावगाव शोधीत बसणारा त्यातील मर्मास मुकतो. संदर्भ सोडून वाचणाराही तितकाच फसतो. यहुदी व शोमरोनी यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर होते. स्वजातीचे याजक आणि लेवी बगल देऊन निघून गेले व ज्याची सावलीही नकोशी तो परका धावून आला, ही त्या गोष्टीतील नांगी होय. वैर ठाऊक नसेल तर भूतदयेचा एक गोड धडा तेवढा हाती उरतो.

हे मर्म आपल्या भाषेत फार पूर्वी एका परक्याने ओळखले होते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे त्या राजवटीत हिरावली गेली होती, आणि त्यांच्या कानांस मात्र पुराणश्रवणाची सवय राहिली होती. स्टीफन्सने बायबलातील कथा दहा हजारांहून अधिक ओव्यांत रचली. हे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापले गेले. नुसते शब्द बदलून भाषांतर पुरे होत नाही, श्रोत्यांच्या ओळखीचा वाङ्मयप्रकारही शोधावा लागतो, हे त्याने जाणले होते.

हीच दृष्टी आता आपल्या डोंगरांकडे वळवू. जव्हारच्या मुकणे घराण्याचा मूळ पुरुष जायबा. त्याची कथा १८८२ च्या ठाणे गॅझेटियरात नोंदलेली आहे. जायबाने वारली नायकाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. नायकाने होकार देताच त्याने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या आणि त्यांनी मोठा मुलूख वेढला. हीच युक्ती कार्थेज नगरी वसविणाऱ्या दीदो राणीच्या नावावर युरोपात दोन हजार वर्षांपासून सांगितली जाते. अर्थात कातडे कोणत्या बैलाचे व वाद्यांची लांबी किती, हा हिशोब येथे व्यर्थ आहे. ही मालकी हक्काची कथा आहे, आणि त्या प्रकारची कथा म्हणूनच ती वाचली पाहिजे.

त्याच घराण्याची दुसरी हकीकत अगदी निराळ्या जातीची आहे. जायबाच्या मुलास दिल्लीच्या सुलतानाकडून नेमशहा हा किताब मिळाला. तारीख ५ जून १३४३. एका हकीकतीत चातुर्य आहे, दुसरीत तारीख आणि किताब. पहिली रयतेस सांगावयाची, दुसरी दरबारास दाखवावयाची. दोहोंचा हेतू एकच, सत्तेस आधार देणे. परंतु पहिली कथा धन्याच्या हुशारीचे कौतुक करता करता एक कबुली देऊन बसते, ती अशी की जमीन आधी वारल्यांची होती. किताबाच्या हकीकतीत वारली कोठेच नाही. म्हणजे जिला आपण दंतकथा म्हणून बाजूस सारतो, तीच येथे तारखेहून अधिक सांगून जाते.

जव्हार संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. २०१४ पासून हा प्रदेश पालघर जिल्ह्यात आहे. त्याच तालुक्यातील वावर हे गाव १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे महाराष्ट्रास ठाऊक झाले. तेथील कुपोषणावर पुष्कळ लिहिले गेले. आणि आमच्या मते ते कागदही बायबलाच्या वाचकाने वाचावेत तसेच वाचले पाहिजेत. मृत्यूची नोंद हा एक लेखनप्रकारच आहे. ती रोगाचे नाव विचारते. मूल त्या रोगास बळी पडण्याइतके क्षीण का झाले, हे ती विचारीत नाही. तेवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, पण तिच्या रकान्याबाहेर काय राहिले हे न पाहता तीस संपूर्ण सत्य मानणे, म्हणजे दृष्टांत वाचून शोमरोनी कोण हेच न विचारणे होय. धर्मग्रंथ चुकीचा वाचला तर फार तर पंडितांत वाद माजेल. अशा नोंदी चुकीच्या वाचल्या तर त्याचे मोल दुसऱ्याच्या घरातील पोर देते.