'इन्सोलंट' नेमकं कोणाला म्हणतात?

आजच्या भागात एकच इंग्रजी शब्द घेऊया, इन्सोलंट. शब्दकोशात अर्थ मिळतो उद्धट, उर्मट. पण वापर कसा होतो ते बघा. नोकर मालकाला उलट बोलला, पोरगा सरांना उलट बोलला, की तो इन्सोलंट. मालकच नोकरावर खेकसला तर? त्याला रूड म्हणतील, ॲरोगंट म्हणतील, पण इन्सोलंट सहसा नाही. हा शब्द बहुतेक वेळा वरचा माणूस खालच्याला लावतो.

मूळ लॅटिन आहे. 'सोलेरे' म्हणजे सवय असणं, आणि त्याला नकाराचा 'इन' लागला. म्हणजे मुळात इन्सोलंट तो, जो रिवाजाप्रमाणे वागत नाही. आपला 'उद्धट' आला संस्कृत 'उद्धत'वरून. त्याचा अर्थ वर उचललेला.

आता हे दोन्ही अर्थ घेऊन डहाणू-तलासरीला चला, 1945 सालात. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. इथला रिवाज काय होता? वारल्यांनी जमीनदाराकडे फुकट राबायचं. याला म्हणत वेठ. लग्नासाठी कर्ज काढलं, तर ते फिटेपर्यंत सावकाराकडे राबायचं. असा माणूस म्हणजे लग्नगडी. कित्येकांचं कर्ज जन्मभर फिटत नसे.

23 मे 1945 ला तलासरी भागातल्या झरी गावात हजारो वारली जमले. सोबत किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर होते. ठरलं काय, तर वेठ बंद, फुकट काम नाही, रोजाला बारा आणे मजुरी हवी.

आता जमीनदाराच्या नजरेनं बघा. काल हाक मारली की धावत येणारा माणूस आज मान वर करून विचारतो, 'मजुरी किती?' त्यानं शिवी दिलेली नाही, हात उचललेला नाही. तरी तो इन्सोलंट, कारण रिवाज मोडला. आणि उद्धटही, कारण मान वर केली.

या 'उद्धटपणा'ची किंमत फार मोठी होती. 10 ऑक्टोबर 1945 ला तलवाडा इथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण गेले, त्यात जेठ्या गांगड होता. तरीही लढा थांबला नाही. पुढे गोदावरीबाईंनी तो 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात मांडला, आणि त्याला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

शब्दकोश अर्थ सांगतो, पण कोण कोणाला म्हणतंय ते सांगत नाही. म्हणून पुढच्या वेळी कुणी म्हणालं, 'हा फार माजलाय', तर मी आधी एवढंच विचारेन: त्यानं शिवी दिली, की हिशेब मागितला?