पॉइंट बत्तीसच का?

आपल्याकडे कुणाला रिव्हॉल्वरचं लायसन्स मिळालं की हातात येतं ते बहुतेकदा .३२ बोअरचं. सराफ असो, बिल्डर असो नाहीतर पुढारी. मग वाद रंगतो: .३२ बरं की ९ एमएम? एका गोळीत माणूस थांबतो का? वाद जरूर घाला. पण ही निवड तुमची-आमची कधी नव्हतीच, ती सरकारने केलीय. आणि करताना तुमच्या जिवाचा विचार दुय्यम होता.

१८५७ चा धसका घेतलेल्या इंग्रजांनी १८७८ मध्ये, लिटनच्या काळात, शस्त्र कायदा आणला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मंडळींना सूट. तरी २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'शारदा'च्या प्रयोगाला आलेला कलेक्टर जॅक्सन अनंत कान्हेरेंच्या गोळ्यांनी पडलाच. ते ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून चोरून आलेलं होतं. कायदा अडवतो तो अर्ज करणाऱ्याला.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आणि १९६२ चे नियम आले. वंशभेद गेला होता, पण संशय राहिला. नियमांतली प्रतिबंधित बोअरची यादी बघा: .३८० आणि .४५५ ची रिव्हॉल्वरं, लष्करी ९ एमएम, .४५, रायफलींत .३०३ आणि ७.६२. म्हणजे फौज आणि पोलीस जी काडतुसं वापरतात ती ज्यात बसतील अशी हत्यारं सामान्य माणसाला नाहीत. डोकं बघा कसं चाललंय. बंदूक पन्नास वर्षं टिकते, काडतूस एकदाच उडतं. कोठारातून पेटी चोरीला गेली तरी ती लोकांच्या हत्यारात बसता कामा नये. शासनाच्या बाजूने बघितलं तर हा हिशेब चोख आहे, हे मान्य करायलाच हवं.

या यादीतून उरलं काय? रायफलीत .३१५ आणि हातातल्या हत्यारात मुख्यतः .३२. त्यात रिव्हॉल्वरचं काडतूस म्हणजे स्मिथ अँड वेसन लाँग, जन्म १८९६. त्याच सुमारास थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळाचे अध्यक्ष होते आणि तिथल्या शिपायांना .३२ ची कोल्ट रिव्हॉल्वरं मिळाली. साधारण सहा ग्रॅमची गोळी, सेकंदाला दोनशेच्या वर मीटर वेग, ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आसपास. ९ एमएमची याच्या तिप्पट. फिलिपिन्समध्ये .३८ कमी पडतं म्हणून अमेरिकी सैन्य १९११ मध्ये .४५ कडे गेलं. आपलं .३२ तर त्या .३८ पेक्षाही मवाळ!

अर्थात मोठा बोअर म्हणजे सुटका असंही नाही. १९८६ मध्ये मायामीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले, खापर ९ एमएमवर फुटलं. मग १० एमएम, मग .४०, आणि २०१४ नंतर स्वारी परत ९ एमएमवर! मधल्या काळात ९ एमएमची गोळी सुधारली होती, आणि कमी झटका असलेल्या हत्याराने माणूस नेम जास्त चांगला धरतो हेही ध्यानात आलं होतं. त्या हिशेबाने नवख्या हाताला .३२ वाईट नाही. पण आपल्याकडे ते या कारणासाठी दिलेलं नाही.

जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' आणलं. पाचशे ग्रॅम वजन, टायटॅनियम मिश्रधातू, पर्समध्ये मावेल असं, नाव निर्भयावरून. किंमत सव्वा लाखाच्या आसपास, वर लायसन्सच्या खेपा वेगळ्या. रात्री शेवटच्या बसने कामावरून परतणाऱ्या बाईच्या पगारात हे कसं बसायचं, ते कुणी सांगितलं नाही. तिला छेडणाऱ्याच्या खिशात देशी कट्टा असला तर तो बहुधा .३१५ चा किंवा १२ बोअरचा, आणि त्याने कुठे अर्ज केलेला नसतो. 'निर्भीक'मध्ये काडतूस कोणतं? तेच, १८९६ चं.