लासो

गेवराई तालुक्यातल्या उमापूरसारख्या गावात वाढदिवसाचा फ्लेक्स करायचा, तर फोटोतला माणूस आधी मागच्या भिंतीपासून सोडवावा लागतो. त्यासाठी फोटोशॉपमध्ये ‘लासो’ घेतात. माउस धरून माणसाभोवती फिरवला, की कडेने तुटक रेघ चालू लागते.

हा शब्द स्पॅनिश ‘लाझो’वरून आला, त्याचे मूळ लॅटिन ‘लाक्विअस’, म्हणजे सरकगाठीचा फास. गुराख्यांचा हा दोर संगणकावर आला तो 1984च्या मॅकपेंटमध्ये, फोटोशॉपच्या आधी सहा वर्षे. कडेला आपोआप चिकटणारा चुंबकी लासो मात्र 1998चा. फेटा आणि भिंत एकाच रंगाची असली की तोही भरकटतो!

आपल्याकडे ‘फास’ संस्कृत ‘पाशा’तून आला. वरुणाच्या, यमाच्या, गणपतीच्याही हाती पाश आहे. फाशी त्याच कुळातली. मराठवाड्यातल्या फासेपारध्यांचे नावही याच साधनावरून पडले. दोर, गाठ, सावज, सगळे तेच. लॅटिनशी नाते मात्र जोडू नये, धातू वेगळे.

उद्या फोटोशॉपचे मराठीकरण करणाऱ्यांनी ‘मुक्तनिवड साधन’ असले काही घडवू नये. सरळ ‘फास’ म्हणावे.