बिनतारीला जोडलेली तार

हा भाग पनवेलच्या लाईन आळीजवळच्या आमच्या घरातून रेकॉर्ड केलाय. मध्येच रिक्षाचा हॉर्न ऐकू आला असेल तर सांभाळून घ्या. ज्यांना ऐकायला वेळ झाला नाही त्यांच्यासाठी ही लिखित प्रत.

गणपतीआधीच्या साफसफाईत आजीने माळ्यावरून एक खोकं काढायला लावलं. आत जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या लाँग प्ले रेकॉर्ड्स आणि त्यांच्याखाली रेकॉर्ड प्लेअर. आजी म्हणाली, "तुझ्या त्या डब्याला जोड की. गीतरामायण ऐकायचंय एकदा." डबा म्हणजे माझा ब्लूटूथ स्पीकर.

मी प्लेअर उलटा केला, सुलटा केला. स्पीकरच नाही! आवाज कमी-जास्त करायचं बटणही नाही. मागून फक्त एक वायर निघते आणि तिच्या टोकाला गोल, पाच पिनांचा प्लग. मला वाटलं अर्धं यंत्र हरवलंय. एका अर्थाने ते खरंच होतं. याचा उरलेला अर्धा भाग म्हणजे आमचा जुना रेडिओ, आणि तो मी शाळेत असतानाच भंगारात गेला होता.

आता जरा मागे जाऊ. ग्रामोफोनला सुरुवातीला तार नव्हतीच. १९०२ साली फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्याला आला, त्याने गौहर जानचा आवाज ध्वनिमुद्रित केला, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायक भोंग्यात तोंड घालून गायचा, त्या हवेच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ ओढायची. वाजवतानाही तेच, फक्त उलट्या दिशेने: सुई हलली की पातळ पडदा हलायचा आणि भोंग्यातून आवाज यायचा. चावी दिली की झालं, वीज कुठेच नाही. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला तबकड्यांचा कारखाना निघाला. वीज आली १९२५ च्या सुमारास. मायक्रोफोन आला, अ‍ॅम्प्लिफायर आला, आणि सुईच्या हालचालीची वीज करून ती तारेतून दुसरीकडे नेता येऊ लागली. टर्नटेबल इथे आणि स्पीकर तिथे, ही सोय तेव्हापासूनची.

पण अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर महाग. मग घराघरांत ते आले कुठून? रेडिओतून. २३ जुलै १९२७ ला मुंबई केंद्राचं उद्घाटन झालं आणि पुढच्या काही दशकांत मराठी मध्यमवर्गीय घरात एक मोठा लाकडी रेडिओ येऊन बसला. फिलिप्स, बुश, नाहीतर आपल्या ठाण्याच्या कारखान्यातला मर्फी. या बऱ्याच सेटच्या मागे दोन भोकं असायची, पिक-अप लावण्यासाठी. प्लेअरची वायर तिथे खुपसायची, पुढचं बटण 'ग्राम'वर फिरवायचं, की रेडिओ स्टेशन सोडून तुमची तबकडी बोलू लागायची.

गंमत बघा. त्या काळी रेडिओला लोक वायरलेस म्हणायचे, मराठीत बिनतारी. म्हणजे आमच्या आजोबांनी रेकॉर्ड प्लेअर वायरने वायरलेसला जोडला होता! मी आज त्याच्या बरोबर उलटं करायला बसलो होतो.

ही जोडाजोड फक्त हौसेची होती असं मला वाटत नाही. बिनतारीवर काय लागायचं ते दुसरं कुणीतरी ठरवायचं. पोस्टात दरवर्षी फी भरून रेडिओचं लायसन्स काढायचं आणि वर त्यांच्याच वेळेला त्यांच्याच आवडीचं ऐकायचं. १९५२ मध्ये बा. वि. केसकर हे आपले मराठी गृहस्थ नभोवाणीमंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे कट्टर चाहते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ गायब झाली, आणि लोक काटा फिरवून रेडिओ सिलोन ऐकू लागले. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावं लागलं. शास्त्रीय संगीताला त्यांनी दिलेला आधार मोठाच होता, पण लोकांनी काय ऐकावं हे मंत्र्याने ठरवणं मला आजही पटत नाही. ज्याच्याकडे प्लेअर आणि हातभर वायर होती, त्याला तेवढी तरी सुटका होती.

पण आजीची गोष्ट याच्या उलट आहे. तिला जे हवं होतं ते आधी बिनतारीवरूनच आलं. १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. वर्षभर, दर आठवड्याला नवं गीत, एकूण ५६. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे वेगवेगळे आवाज. आजी तेव्हा नऊ वर्षांची, माहेर पुण्याचं, घरात रेडिओ नाही. शेजारच्या वाड्यात खिडकीखाली उभं राहून ऐकायचं. "एखादं चुकलं की चुकलंच," ती म्हणते. तिची दोन-तीन चुकली, गोवर आला होता. पुढे एचएमव्हीने फडक्यांच्या आवाजात गीतरामायणाच्या लाँग प्ले रेकॉर्ड्स काढल्या. लग्न होऊन ती पनवेलला आली, त्यानंतर काही वर्षांनी आजोबांनी आधी प्लेअर आणि मग एकेक करून त्या रेकॉर्ड्स आणल्या. चुकलेली गाणी तिने तेव्हा ऐकली.

म्हणजे आता कळलं ना, मला हे जोडणं का भाग होतं?

गोल प्लगचं काम सोपं निघालं. त्याला डिन प्लग म्हणतात. मधली पिन अर्थिंगची, बाकीच्यांतून डावा-उजवा आवाज. बाजारात त्याची कन्व्हर्टर वायर मिळते. ती स्पीकरच्या ऑक्सच्या भोकात घातली, रेकॉर्ड लावली. आवाज आला, पण पाण्याखालून आल्यासारखा, अगदी बारीक.

मी नेटवर वाचून ठरवूनच टाकलं की फोनो प्री-अ‍ॅम्प लागणार. आजच्या बहुतेक टर्नटेबलला तो लागतोच. त्यांच्या सुईमागे चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. त्यातून जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात. शिवाय तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे सूर चढवलेले असतात. १९५४ पासून त्याचं एक ठरलेलं माप आहे, आरआयएए नावाचं. प्री-अ‍ॅम्प आवाज वाढवतो आणि हा हिशेबही उलटा फिरवतो.

वरच्या मजल्यावरचे काका मध्ये पडले म्हणून माझे पैसे वाचले. काकांचा तरुणपणीचा धंदा लाऊडस्पीकरचा. पनवेल तालुक्यातली गावं, तेव्हा जिल्हा कुलाबा, रायगड नाव १९८१ चं. लग्न, हळद, गणपती. प्लेअर, अ‍ॅम्प्लिफायर, गाडीची बॅटरी आणि नारळाच्या झाडाला बांधलेले भोंगे.

"काका, एवढ्या लांब वायर नेल्यावर आवाज मरायचा नाही?" मी विचारलं.

"हंड्रेड व्होल्ट लाइन," ते म्हणाले. प्रत्येक भोंग्यामागे छोटा ट्रान्सफॉर्मर. घरातल्या आठ ओहमच्या स्पीकरला १०० वॅट द्यायचे तर तारेतून साडेतीन अँपिअर धावतात. तेच १०० व्होल्टवर पाठवले तर एकच अँपिअर. करंट कमी, म्हणून तारेत वाया जाणारी वीज बारा पटींनी कमी. आपले विजेचे मोठे टॉवर ज्या हिशेबावर चालतात, त्याच हिशेबावर आगरी-कोळी लग्नातली गाणी पाड्याच्या दुसऱ्या टोकाला पोचायची. दुसरा नियम त्यांचा स्वतःचा: भोंग्याचं तोंड प्लेअरकडे नको. आवाजाने टेबल हलतं, सुई हलते, तोच आवाज पुन्हा भोंग्यातून मोठा होतो आणि घूंऽऽ सुरू. (तुमचा ब्लूटूथ स्पीकर टर्नटेबलच्याच टेबलावर ठेवला असेल तर आत्ता उठून हलवा.)

काकांनी प्लेअरचा आर्म उचलून सुईखाली बघितलं. "प्री-अ‍ॅम्प कशाला? हा क्रिस्टल पिक-अप आहे. पाव-अर्धा व्होल्ट सहज देतो, म्हणून तर थेट रेडिओला चालायचा. याचा क्रिस्टल मेलाय."

हा क्रिस्टल म्हणजे रोशेल सॉल्ट, चक्क एक मीठ. वाकवलं की वीज देतं. पण मीठच ते, दमटपणाने खराब होतं. आणि माळ्यावर वीसेक पावसाळे, तेही पनवेलचे! रेकॉर्ड्सना काही झालं नव्हतं, मोटर फिरत होती, फक्त नखाएवढ्या मिठाने मान टाकली होती. पुढे याच जातीचे सिरॅमिक पिक-अप निघाले, त्यांना दमट हवेचं फारसं काही वाटत नाही. तो आणायला मी हार्बरने कुर्ला, तिथून दादर, मग ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड असा अख्खा शनिवार घालवला. चौथ्या दुकानात मिळाला.

आता प्रश्न उरला वायर की ब्लूटूथ. ब्लूटूथसाठी प्लेअरला ट्रान्समीटर लावावा लागतो. तो आधी आवाजाचे आकडे करतो, मग ते आवळून पाठवतो, स्पीकर पुन्हा उलगडतो. त्यात क्षणभराचा उशीर होतो. सिनेमा बघताना ओठ आणि शब्द जुळत नाहीत, पण रेकॉर्डला त्याने काय फरक पडतो? आवाजातला फरक मला तरी या जुन्या रेकॉर्ड्सवर फारसा कळला नसता. मी वायर ठेवली ती स्वस्त म्हणून, आणि ट्रान्समीटर चार्ज करणं आजीला जमणार नाही म्हणून. स्पीकर वेगळ्या स्टुलावर, वायर सतरंजीखालून.

रविवारी सकाळी लावलं. आजी पहिली बाजू संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "रेडिओवर ह्या गाण्याला बाईचा आवाज होता रे." आणि दुसरी बाजू लावायला सांगितली.