चार जणांची खोली आणि हैदराबादचा कायदा

मागच्या शनिवारी मावसभावाचा लातूरहून फोन. अकरावीला आहे, ट्यूशन एरियात तिघांनी मिळून एक खोली घेतलीय. जूनमध्ये मालक म्हणाले होते, "तिघं राहा, काही प्रॉब्लेम नाही." आता दिवाळीनंतर म्हणतात, दोघंच राहायचं, नाहीतर माणशी पाचशे जास्त. "दादा, असं मध्येच करता येतं का?"

मला उत्तर माहीत नव्हतं. गंमत म्हणजे मी स्वतः यातून गेलोय. 2016 साली आम्ही चौघं लातूरला एका खोलीत होतो. त्या उन्हाळ्यात नळाला पाणी येईनासं झालं, मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. ती सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिली. आमच्या मालकांनी फेब्रुवारीतच सांगितलं होतं, "पोरहो, आता दोघंच." मी आणि अजून एक जण बॅगा भरून निघालो. पाण्याचं कारण खरंच होतं, त्यामुळं काकांवर राग नाही. पण अनामत परत मिळाली नाही आणि ती मागायची असते हे आम्हाला कुणी सांगितलंही नव्हतं. असो.

तर हा वीकेंड कायदा वाचण्यात घालवला. (कोड रिव्ह्यूपेक्षा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.)

आपल्या भागाची गोष्ट जरा वेगळी आहे. मुंबई-पुण्याला 1947 चा मुंबई भाडे कायदा होता, विदर्भात 1949 चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा आदेश. नांदेड तेव्हा हैदराबाद संस्थानात, आणि लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका. संस्थान 17 सप्टेंबर 1948 ला भारतात आलं आणि हैदराबाद राज्यानं 1954 साली स्वतःचा घरभाडे नियंत्रण कायदा केला. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, 1960 ला महाराष्ट्र झाला, 1982 ला लातूर वेगळा जिल्हा झाला. कायदा मात्र तोच! नांदेडच्या भाडेकरूचं भांडण पार 2000 सालापर्यंत हैदराबादच्या नावाच्या कायद्यानं चालायचं. आमच्या कंपनीतही असा एक जुना मॉड्यूल आहे, ज्यांनी लिहिला ते केव्हाच सोडून गेले, पण काढायची कुणाची हिंमत नाही.

त्या कायद्याच्या नजरेत भाडेकरू म्हणजे कुटुंब किंवा दुकानदार. चार पोरं एका खोलीत, भाडं वाटून घेतात, हे चित्रच त्यात नाही. त्यात 'पोटभाडेकरू' होता, आणि परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला तर घर खाली करायला लावता यायचं. आजही मालक लोक रूममेटवर हाच शब्द फेकतात. पण पोटभाडेकरू ठरायला जागेचा ताबाच दुसऱ्याच्या हाती जावा लागतो. शेजारच्या गादीवर झोपणारा मित्र काही आपोआप पोटभाडेकरू होत नाही.

31 मार्च 2000 पासून तिन्ही जुने कायदे जाऊन महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू झाला. त्यातलं कलम 55 वाचून मी खुर्चीतच सरळ बसलो. करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. त्याहून भारी म्हणजे, नोंदणीकृत करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत! म्हणजे आपण समजतो त्याच्या बरोब्बर उलटं. आपल्याला वाटतं, कागद नाही म्हणजे आपण मेलो.

ते 'अकरा महिने' पण जुनंच भूत आहे. 1908 च्या नोंदणी कायद्यात वर्षावरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागायची, म्हणून लोकांनी अकरा महिन्यांची पळवाट काढली. महाराष्ट्रात ती पळवाट 2000 लाच बुजली, तरी लातूर-नांदेडला आजही स्टँप पेपरवर अकराच महिने लिहितात आणि नोंदणी नाही ती नाहीच.

आता मध्येच नियम बदलण्याचं. 1872 च्या करार कायद्याचं कलम 62 सांगतं की करार बदलायचा तर दोघांची संमती पाहिजे. क्लायंटनं मध्येच स्कोप वाढवला तर आपण चेंज रिक्वेस्ट मागतो ना, तसंच. आणि पोरं निघावीत म्हणून मालकानं योग्य कारणाशिवाय पाणी-वीज तोडली तर भाडे कायद्याचं कलम 29 आडवं येतं.

पण लगेच भांडायला निघू नका. मालक त्याच घरात राहत असेल आणि तुम्हाला त्यातली एक खोली दिली असेल, तर तुम्ही 'पेइंग गेस्ट', आणि हे संरक्षण बरंच पातळ होतं. लेखी करारात "फक्त दोघे" लिहून तुम्ही सही केली असेल तर विषय संपला. महिनाभराच्या नोटिशीनं करार संपवायची अटही बहुतेक छापील नमुन्यात असते. ती वाचायची असते, मीही कधी वाचली नाही.

भावाला विचारलं, मालक कुठं राहतात? म्हणाला, औसा रोडला. करार? साधा स्टँप पेपर, नोंदणी नाही, माणसं किती ते लिहिलेलंच नाही. पण जूनमधला मालकांचा व्हॉट्सॲप मेसेज आहे, "तिघांचे मिळून भाडे 1 तारखेला द्या." म्हटलं, तो मेसेज आधी जपून ठेव, आणि तिघं मिळून शांतपणे बोला, कलम वगैरे काढू नका.

काल त्याचा मेसेज आला. मालक म्हणाले, "परीक्षेपर्यंत राहा, मग बघू." तिसरा सध्या तिथंच आहे.